ऑस्ट्रियाची तटस्थता: सौदा, उपयोग आणि आजचा पेच

डॅन्यूबकाठी

२०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन नाटोत गेले आणि युरोपात तटस्थ म्हणवणारे मोजकेच देश उरले. स्वित्झर्लंडबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. मी राहते त्या ऑस्ट्रियाबद्दल मात्र मोझार्ट आणि बर्फाच्या पलीकडे फारसं वाचायला मिळत नाही. इथे व्हिएन्नात गेली काही वर्षं ऑफिसात, ट्रामच्या स्टॉपवर, शाळेच्या पालकसभेतसुद्धा हा विषय निघतो, म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. ऑस्ट्रियाची तटस्थता म्हणजे जगाशी घेणंदेणं नसणं, असं कधीच नव्हतं. ती एका सौद्यातून आली आणि टिकली ती शीतयुद्धातल्या दोन्ही गटांना, अमेरिकेच्या आणि सोव्हिएत, या देशाचा उपयोग होता म्हणून. आज तो उपयोग ओसरलाय, आणि स्वतःच्या संरक्षणाचा खर्च मात्र देशाने वर्षानुवर्षं टाळला. याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीसारखेच ऑस्ट्रियाचेही चार तुकडे झाले होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ. व्हिएन्ना शहरही चौघांत वाटलेलं, आणि मधला जुना भाग चौघांच्या सामाईक ताब्यात. एकाच जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई बसून गस्त घालायचे. हे दहा वर्षं चाललं. तेलविहिरी आणि बरेचसे कारखाने सोव्हिएत ताब्यात होते आणि कराराच्या वाटाघाटी हलत नव्हत्या.

१९५३ मध्ये स्टालिन गेला आणि थोडी फट दिसली. त्या वर्षी जूनमध्ये परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर स्वित्झर्लंडमधल्या ब्युर्गेनश्टोकला जाऊन पंडित नेहरूंना भेटले. ऑस्ट्रिया कोणत्याही लष्करी गटात जाणार नाही, हे मॉस्कोच्या कानावर घालाल का, अशी विनंती होती. नेहरूंनी ती मान्य केली आणि आपले मॉस्कोतले राजदूत के. पी. एस. मेनन सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हशी बोलले. मोलोटोव्हचं उत्तर होतं की एवढ्याने भागणार नाही. म्हणजे लगेच काही झालं नाही, पण हा विचार भारताच्या हातून मॉस्कोत पोचला होता. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेखही नसतो, याचं मला वाईट वाटतं.

मग १९५५. एप्रिलमध्ये चॅन्सेलर युलिउस राब, उपचॅन्सेलर शेर्फ, परराष्ट्रमंत्री फिगल आणि तरुण ब्रुनो क्रायस्की मॉस्कोला गेले. तिथल्या मसुद्यात ठरलं की ऑस्ट्रिया स्वित्झर्लंडच्या धर्तीवर तटस्थ राहील आणि बदल्यात रशियन सैन्य जाईल. १५ मे रोजी व्हिएन्नातल्या बेल्वेदेर राजवाड्यात, ऑस्ट्रियाला स्वातंत्र्य परत देणाऱ्या राज्य-करारावर सह्या झाल्या. तारखा जरा शेजारी ठेवून बघा: त्याच महिन्यात पश्चिम जर्मनी नाटोत गेला आणि १४ मेला, म्हणजे बरोब्बर आदल्या दिवशी, सोव्हिएत गटाचा वॉर्सा लष्करी करार झाला. दोन भिंती उभ्या राहत असताना मधली एक खोली दोघांनी मिळून मोकळी ठेवली.

याच आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. मसुद्याच्या प्रस्तावनेत युद्धातल्या ऑस्ट्रियाच्या जबाबदारीचं एक कलम होतं. फिगलने आग्रह धरला आणि चारही बड्या देशांच्या मंत्र्यांनी ते काढून टाकलं. त्यामुळे आपण हिटलरचे पहिले बळी, हीच गोष्ट इथे कित्येक दशकं सांगितली गेली. गुन्ह्यांत ऑस्ट्रियन लोकांचाही हात होता, हे संसदेत चॅन्सेलर व्रानित्स्कीने स्वच्छ शब्दांत मान्य केलं ते थेट १९९१ मध्ये. स्वातंत्र्याच्या आनंदात सुटलेला हा धागा माझ्या मते फार महाग पडला.

२५ ऑक्टोबर ही सैन्य काढून घेण्याची मुदत होती. दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबर १९५५ रोजी संसदेने तटस्थतेचा घटनात्मक कायदा केला. तोच दिवस १९६५ पासून राष्ट्रीय दिन आहे. त्या दिवशी इथल्या हेल्डेनप्लाट्स मैदानावर लष्कराचं प्रदर्शन भरतं. आईबाप पोरांना घेऊन येतात, पोरं रणगाड्यावर चढतात, हेलिकॉप्टरमध्ये डोकावतात, नवे शिपाई शपथ घेतात. तटस्थतेच्या वाढदिवसाला रणगाडे कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. पण कायद्यातच लिहिलंय की तटस्थता हाताशी असलेल्या सर्व साधनांनी राखायची. लष्कर नसेल तर ती राखणार कशाने?

मुळामुठा

उत्तम धागा. नेहरू-ग्रुबर भेटीचं माहीत नव्हतं.

दोन शंका. तटस्थतेची अट करारातच आहे का? असेल तर रशियाला आजही त्यावर बोट ठेवता येईल. आणि दुसरं, हे आपल्या अलिप्ततेसारखंच झालं ना?

डॅन्यूबकाठी

मुळामुठा, राज्य-करारात तटस्थतेबद्दल एक अक्षर नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. करारात जर्मनीशी पुन्हा एकत्र न होण्याची अट आहे, काही शस्त्रांवर बंदी आहे, सोव्हिएत संघाला मालाच्या रूपात १५ कोटी डॉलर आणि वर्षानुवर्षं तेल द्यायची तरतूद होती. तटस्थतेचा कायदा मात्र शेवटचा परकी शिपाई परत जाण्याची मुदत संपल्यावर, ऑस्ट्रियाच्या संसदेने स्वतः केला. त्यात 'स्वेच्छेने' असं म्हटलंय. मॉस्कोला दिलेला शब्द होताच, पण कागदावर कोणी लादलेलं नाही. त्यामुळे संसदेत दोन तृतीयांश बहुमत असेल तर कायदा बदलताही येतो.

अलिप्ततेचं वेगळं आहे. भारताने गटात न जाण्याचं धोरण ठेवलं, पण हात बांधून घेतले नाहीत. १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि त्याच वर्षी युद्धही लढलो. ऑस्ट्रियाला लष्करी युतीत जायला आणि आपल्या भूमीवर परकी तळ होऊ द्यायला कायद्यानेच मनाई आहे.

आणि स्वित्झर्लंडचा नमुनाही यांनी पहिल्याच वर्षी सोडला. डिसेंबर १९५५ मध्येच ऑस्ट्रिया संयुक्त राष्ट्रांत गेला. स्वित्झर्लंडला त्यासाठी २००२ उजाडावं लागलं.

खडूफळा

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही. ताई, तुम्ही करारापाशी थांबलात, पण तटस्थता कळते ती वर्षभरातच आलेल्या परीक्षेवरून. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. ऑस्ट्रियाचं सैन्य जेमतेम वर्षाचं. तरी सरकारने सीमेवर झेंडे रोवून हद्द स्पष्ट केली आणि सशस्त्र कोणी आत आला तर गोळी घालण्याचे आदेश दिले. नि:शस्त्र माणसांना मात्र दार सताड उघडं होतं. सुमारे १ लाख ८० हजार हंगेरियन आले. आंडाऊ गावाजवळ कालव्यावर एक साधा लाकडी पूल होता, माणसं त्यावरून रात्रीबेरात्री येत होती. २१ नोव्हेंबरला तो उडवून देण्यात आला. ज्या देशातून रशियन सैन्य आदल्याच वर्षी गेलंय, त्या देशाने हे करणं याला धैर्य लागतं.

दुसरी परीक्षा १९६८ ची, प्राग. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. व्हिएन्नातून परराष्ट्रमंत्र्यांची सूचना गेली की प्रागच्या ऑस्ट्रियन वकिलातीत चेक लोकांना आसरा देऊ नका, दार बंद ठेवा. राजदूत रुडॉल्फ किर्शश्लेगरने ते ऐकलं नाही, व्हिसा देत राहिला. सूचना देणारे परराष्ट्रमंत्री होते कुर्ट वाल्डहाइम. पुढे दोघेही ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झाले, आधी किर्शश्लेगर, मग वाल्डहाइम, ज्यांचा युद्धकाळातला, नाझी जर्मनीच्या सैन्यातला भूतकाळ १९८६ मध्ये जगासमोर आला. सरकारच्या तटस्थतेपेक्षा त्या एका राजदूताची माणुसकी मला मोठी वाटते.

डॅन्यूबकाठी

काका, किर्शश्लेगरबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. 

त्याला जोडून: १९५८ मध्ये अमेरिकेची विमानं लेबनॉनला जाताना न विचारता ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडच्या टिरोल प्रांतावरून उडाली, तेव्हा ऑस्ट्रियाने वॉशिंग्टनकडे निषेध नोंदवला. १९९९ मध्ये कोसोव्होच्या वेळी नाटोच्या विमानांना हवाई हद्द वापरू दिली नाही. नकाशा पाहिला तर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया मिळून नाटोतल्या जर्मनी आणि इटलीच्या मधोमध आडवे पडलेत. १९५५ मध्ये मॉस्कोने माघार घ्यायचं हेही एक मोठं कारण होतं.

सांजवात

सगळं वाचलं, पण मला हा भाग फार गोड लिहिलेला वाटतो. आज ऑस्ट्रियाच्या आठ शेजाऱ्यांपैकी सहा नाटोत आहेत, उरले स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन. म्हणजे शत्रूला इथे पोचायचं तर आधी नाटोतून यावं लागेल. संरक्षणावर सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च, तोही कित्येक वर्षं. शेजाऱ्याच्या छत्रीखाली उभं राहायचं आणि छत्रीचे पैसे द्यायचे नाहीत, याला तटस्थता म्हणायचं का?

आणि गॅसचं कोणी बोलतच नाहीये. १९६८ मध्ये सोव्हिएत गॅस घेणारा पश्चिमेतला पहिला देश ऑस्ट्रिया. तेव्हा ठीक होतं. पण २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावरही, २०१८ च्या जूनमध्ये पुतिन व्हिएन्नात आलेले असताना ओएमव्ही या ऑस्ट्रियन तेल-गॅस कंपनीने रशियाच्या सरकारी गाझप्रोमशी गॅसचा करार २०४० पर्यंत वाढवला. त्याच ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री कारिन क्नाइस्लच्या लग्नात पुतिन पाहुणे, आणि त्यांच्याबरोबर नाचल्यावर बाईंनी गुडघे वाकवून अभिवादन केलेलं साऱ्या जगाने पाहिलं. एका बाजूच्या हातात घरातल्या शेगडीची चावी दिल्यावर तुम्ही दोघांत मध्यस्थ कसे राहता?

डॅन्यूबकाठी

सांजवात, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या मते तटस्थता मोडली असेल तर ती नाटोशी सहकार्य केल्याने नव्हे, या गॅसने मोडली. युक्रेन युद्धाआधी आयातीतला सुमारे ८० टक्के गॅस रशियाचा होता, आणि युद्ध सुरू झाल्यावरही काही महिने हा वाटा ९० च्या वर गेला. मग लवादात गाझप्रोमकडून ओएमव्हीला २३ कोटी युरो मंजूर झाले, कंपनीने ते गॅसच्या बिलातून वळते करायचं ठरवलं, आणि १६ नोव्हेंबर २०२४ ला गाझप्रोमने पुरवठा थांबवला. डिसेंबरमध्ये करारच संपवला गेला. साठवण टाक्या भरलेल्या होत्या, त्यामुळे थंडीत कोणी गारठलं नाही. जे अशक्य आहे असं वर्षानुवर्षं सांगत होते, ते झालं आणि घरातली शेगडी पेटतच राहिली. मग आधी का केलं नाही, याचं उत्तर इथल्या राजकारण्यांनी द्यायला हवं.

छत्रीच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. अगदी काहीच दिलं नाही असं नाही. गोलान टेकड्यांवर १९७४ पासून २०१३ पर्यंत ऑस्ट्रियाचे शांतिसैनिक होते. कोसोव्होत नाटोच्याच नेतृत्वाखालच्या दलात १९९९ पासून आहेत, बोस्नियात युरोपीय दलाचं नेतृत्व अनेकदा ऑस्ट्रियन जनरलने केलंय. २०१३ मध्ये सार्वमत घेऊन सुमारे ६० टक्के लोकांनी सक्तीची सैनिकी सेवाही कायम ठेवली. पण रणगाड्यांचे सुटे भाग आणि विमानांचे पैसे या गोष्टींकडे दुर्लक्ष झालं, हे खरंच आहे. आता २०३२ पर्यंत खर्च दोन टक्क्यांवर न्यायचं ठरलंय.

तिसरी घंटा

मध्यस्थीबद्दल लिहा ना कोणी. व्हिएन्ना म्हटलं की मला तेच आठवतं. १९६१ ला केनेडी आणि ख्रुश्चेव्ह इथेच भेटले. अणुऊर्जा संस्था, ओपेक, युरोपची सुरक्षा आणि सहकार्य संघटना, सगळ्यांची मुख्यालयं तिथे. इराणचा २०१५ चा अणुकरारही तिथलाच.

डॅन्यूबकाठी

यात क्रायस्कीचा हात मोठा. १९७० ते ८३ चॅन्सेलर होता. त्याचा हिशेब सरळ होता: शहरात जगभरच्या संस्था आणून बसवल्या तर त्यावर बॉम्ब टाकायला कोणीही दहादा विचार करेल. डॅन्यूबच्या पलीकडे जी संयुक्त राष्ट्रांची वाकड्या मनोऱ्यांची वसाहत दिसते, ती १९७९ मध्ये सुरू झाली. सरकारने भाडं वर्षाला एक शिलिंग (तेव्हाचं इथलं नाणं) ठेवलं होतं. स्थानिक लोक तेव्हा खर्चावरून चिडले होते, आज तिथे हजारो माणसं काम करतात, त्यांत आपली मराठी मंडळीही आहेत.

क्रायस्की स्वतः ज्यू, तरी १९७९ मध्ये त्याने पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या सोबतीने पॅलेस्टिनी नेते यासर अराफातला व्हिएन्नात बोलावलं. इस्रायल भडकलं. पण पॅलेस्टिनींशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही हे तो इतरांच्या कितीतरी आधी म्हणत होता. तटस्थ देशाला परराष्ट्र धोरणच नसतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याची कारकीर्द पाहावी.

या सगळ्याची काळी बाजू म्हणजे हेर. इथला कायदा असा होता की हेरगिरी ऑस्ट्रियाच्या विरुद्ध नसेल तर गुन्हाच नाही. इतर देशांवर इथून खुशाल नजर ठेवा. २०१० मध्ये अमेरिका आणि रशियाने हेरांची अदलाबदल केली तीही व्हिएन्नाच्या विमानतळावर. हा कायदा बदलण्याची मागणी आता जोर धरतेय, आणि ती पूर्ण व्हायलाच हवी.

मुळामुठा

अवांतर वाटेल, पण भारताशी थेट संबंध आहे. सप्टेंबर २००८, व्हिएन्ना, अणुपुरवठादार गटाची, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान पुरवणाऱ्या देशांची बैठक. भारताला अणुव्यापाराची सवलत द्यायला शेवटपर्यंत अडून बसलेल्या देशांत ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड होते. तेव्हा टीव्हीवर बातम्या बघताना राग आला होता की या चिमुकल्या देशाला आपल्याशी काय वैर आहे!

डॅन्यूबकाठी

वैर नव्हतं हो. या देशाचं अणूशी भांडण जुनं आहे. त्स्वेंटेनडॉर्फला पूर्ण बांधून तयार असलेला अणुऊर्जा प्रकल्प १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मतांनी नाकारला गेला. तो एक दिवसही चालला नाही. अण्वस्त्रबंदीच्या करारामागे जे मोजके देश हात धुऊन लागले त्यांत ऑस्ट्रिया पहिल्या फळीत, आणि त्या कराराची पहिली परिषद जून २०२२ मध्ये व्हिएन्नातच झाली. अण्वस्त्रप्रसार करारावर सही न केलेल्या देशाला सूट द्यायची म्हटल्यावर ते कसे गप्प बसतील? ५ सप्टेंबरला प्रणब मुखर्जींनी चाचण्या न करण्याची स्वेच्छेने दिलेली ग्वाही पुन्हा सांगितली आणि ६ तारखेला सवलत मिळाली. मला भारतीय म्हणून आनंद झाला होता. तरी ते ज्या मुद्द्यावर अडले तो त्यांचा कायमचा मुद्दा होता, भारतापुरता काढलेला नव्हता.

त्यानंतर संबंध हळूहळू सुधारले. इंदिराजींच्या १९८३ च्या भेटीनंतर भारताचे पंतप्रधान तिथे गेले ते थेट जुलै २०२४ मध्ये. चाकणला केटीएमच्या मोटारसायकली बनतात, ती कंपनी मूळची ऑस्ट्रियाची, हे पुणेकरांना सांगायला नको.

रानजाई

डब्लिनहून. आयर्लंडचं नाव आलंच आहे तर सांगते, इथली गोष्ट निराळी आहे. इथे ऑस्ट्रियासारखा तटस्थतेचा कायदा नाही. १९४९ मध्ये नाटोत न जाण्याचं कारण दिलं होतं ते उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे असण्याचं. युरोपीय संघाच्या सामाईक संरक्षणात जाण्याला मात्र घटनेने मनाई आहे. २००८ मध्ये युरोपीय संघाचा लिस्बन करार लोकांनी फेटाळला, त्यात तटस्थतेची भीती हे एक कारण होतं. हमी मिळाल्यावर २००९ ला तो मंजूर झाला. बाराहून जास्त सैनिक परदेशी पाठवायचे तर सरकार, संसद आणि संयुक्त राष्ट्रं, तिघांची संमती लागते. आता त्यातली संयुक्त राष्ट्रांची अट काढायचं सरकारने ठरवलंय आणि इथे जोरदार वाद चाललाय, कारण ती अट म्हणजे सुरक्षा परिषदेतल्या रशियाच्या हातात नकाराधिकार.

डॅन्यूबताई, एक विचारायचं होतं. युरोपीय संघाच्या करारात परस्पर मदतीचं कलम आहे ना, ४२ (७)? एखाद्या सदस्यावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी मदत करायची. मग ऑस्ट्रिया तटस्थ उरतो कसा?

डॅन्यूबकाठी

रानजाई, इथल्या चर्चेचा गाभा हाच आहे. ऑस्ट्रियाने १९८९ मध्ये सदस्यत्वाचा अर्ज केला तेव्हाच तटस्थता राखून येतो असं लिहिलं होतं. १९९४ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला, १९९५ ला प्रवेश झाला. तुम्ही म्हणता त्या कलमातच एक वाक्य आहे की काही सदस्यांच्या संरक्षण धोरणाच्या विशेष स्वरूपाला धक्का लागणार नाही. इथे त्याला आयरिश कलम म्हणतात, पण त्याचा आसरा ऑस्ट्रियालाही आहे. म्हणजे मदत करायचीच, फक्त कशी करायची ते स्वतः ठरवायचं. युक्रेनच्या बाबतीत तसंच झालं: निर्बंधांत सामील, पैसे आणि औषधं दिली, निर्वासित घेतले, शस्त्रं नाहीत. सुरुंग काढायला सैनिक पाठवावेत का यावर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी सुरुंग काढण्यासाठी पैसे गेले, माणसं नाही.

मार्च २०२३ मध्ये झेलेन्स्की संसदेत व्हिडिओवरून बोलले तेव्हा कडव्या उजव्या फ्रीडम पार्टीचे खासदार बाकांवर 'तटस्थतेसाठी जागा' अशा पाट्या ठेवून निघून गेले. पुढच्या वर्षी तोच पक्ष निवडणुकीत पहिला आला. सामान्य माणूस त्या पक्षाचा नसला तरी तटस्थता सोडायला तयार नाही, जनमत चाचण्यांत मोठं बहुमत ती ठेवावी असंच म्हणतं. त्यामुळे नाटोचं नाव कुठलाही मोठा पक्ष काढत नाही. जुलै २०२३ मध्ये स्वित्झर्लंडबरोबर जर्मनीच्या पुढाकारातल्या स्काय शील्ड हवाई संरक्षण योजनेत जायचं ठरलं, तेव्हाही सरकारने आधी घोषणा केली ती तटस्थतेला धक्का नाही अशीच.

माझ्या रोजच्या वाटेवर श्वार्त्सेनबेर्गप्लाट्स लागतो. तिथे कारंज्यामागे लाल सैन्याचं स्मारक आहे, आणि राज्य-करारानुसार त्याची निगा राखणं ऑस्ट्रियावर बंधनकारक आहे. २०२२ मध्ये स्मारकाच्या मागची खासगी मालकीची भिंत कोणी निळ्या-पिवळ्या रंगाने रंगवली. स्मारक करारात येतं, भिंत येत नाही. त्यामुळे ती तशीच राहिली.

सांजवात

भिंतीचं ठीक आहे. पण स्काय शील्डचं क्षेपणास्त्र डागायचं की नाही, हा निर्णय त्या क्षणी व्हिएन्नात कोण घेणार, ते कोणी स्पष्ट केलंय का?

डॅन्यूबकाठी

केलंय. माहिती सामाईक आणि खरेदी एकत्र, पण डागण्याचा हुकूम ऑस्ट्रियाचाच, असं सरकार सांगतं. आंतरराष्ट्रीय लष्करी संघर्षात सहभाग नाही, अशी पुरवणीही ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने मिळून लेखी जोडलीय. आता प्रश्न असा की बव्हेरियाच्या दिशेने निघालेलं क्षेपणास्त्र टिरोलवरून जाताना दिसलं, तर ते पाडायचं की नाही. तटस्थ देशाने आपली हवाई हद्द वापरू द्यायची नसते, त्यामुळे कायद्याने तर ते पाडलंच पाहिजे. तसं करायचं तर आधी ते दिसायला आणि पाडायला लागणारी यंत्रणा हवी. म्हणून मला तटस्थतेचे पक्के समर्थक आणि जास्त संरक्षण खर्चाचे समर्थक एकाच बाजूला दिसायला हवेत असं वाटतं. इथे मात्र ते अजूनही एकमेकांविरुद्ध उभे आहेत.